खिंडीखालची पांदण

गेलो त्याच रस्त्यानं परत यायचं माझ्या जिवावर येतं. हा माझा जुना दोष आहे. लग्नाला गेलो तरी जाताना एका गावावरून आणि येताना दुसऱ्या गावावरून, असं काहीतरी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऑफिसात माझ्या खुर्चीचं एक चाक मीच मोडलं असं शिपाई सगळ्यांना सांगतो आणि ते खोटं नाही. चाळिशी ओलांडल्यावर सायकल घेतली ती तब्येतीसाठी, असं घरात सांगितलं. बायकोनं ते एका कानानं ऐकलं. पायाला भिंगरी आहे म्हणाली, आता निदान तिला चाकं लागली.

जालन्यातले आम्ही सात जण दर रविवारी पहाटे निघतो. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, एक दातांचा डॉक्टर. मार्ग आखायचं काम माझ्याकडं आहे, कारण ते दुसऱ्या कोणाला जमतं असं मला वाटतच नाही. चांगल्या मार्गाला चढ पाहिजे, ट्रक नकोत, मधे कुठंतरी बरा चहा पाहिजे, आणि परतीचा रस्ता वेगळा पाहिजे. शेवटची अट फक्त माझी. बाकीच्यांना परत येताना तेच बाभळीचं झाड पुन्हा दिसलं तरी काही वाटत नाही. मला वाटतं. मला तर राग येतो.

सपाट रस्ते जालन्यात कमी नाहीत, पण मजा आहे ती उत्तरेकडं. राजूरचा चढ चांगली धाप लावतो, तिथून टेंभुर्णीपर्यंत रस्ता नुसता खालीवर, खालीवर. कपाशी, मका, मधेच मोसंबीची बाग. सुगीत लोक डांबरी रस्त्यावरच मका वाळत घालतात आणि आम्ही त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून चाकं नेतो. कुत्री प्रत्येक गावाची वेगळी, आणि प्रत्येक गावचं कुत्रं दातांच्या डॉक्टरच्याच मागं लागतं. टेंभुर्णीच्या पुढं आडवाटेनं आमचं गाव. गावामागं दोन टेकड्या, टेकड्यांमधे खिंड. खिंड ओलांडली की पलीकडं जाफराबादचा रस्ता मिळतो, आणि तिथून देऊळगावराजावरून घर. मोबाईलवर या फेरीची रेघ सुपासारखी दिसते. माझ्या सगळ्या फेऱ्यांत ही मला सगळ्यात प्यारी.

ही फेरी जुळते ती एका पांदणीमुळं. गावापासून खिंडीच्या पायथ्यापर्यंत शेतांमधून जाणारी गाडीवाट, एक-दीड किलोमीटरची. दोन्ही अंगाला बोरी, हिवर, निरगुडी. रुंदी एवढी की समोरून बैलगाडी आली तर एकानं झाडोऱ्यात शिरायचं. ही वाट आमच्या शेताच्या बरोबर मधून जाते. लहानपणी मी तिच्यावरून टायर पळवत खिंडीत जायचो आणि पलीकडं काय आहे ते बघून यायचो. पलीकडं काही नव्हतं, अशीच दुसरी शेतं होती. तरी मी जायचो.

ती नसेल तर सूप उघडं पडतं. मग आल्या रस्त्यानं परत.

आमचं शेत दादा बघतो. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, मी चौथीत. त्यानं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि औत धरलं. मला शिकवलं, नोकरीला लावलं. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत, पण बांधावर कधी माझा शब्द चालला नाही आणि चालावा असं मला वाटलंही नाही. दिवाळीनंतर तुरीची डाळ आणि ज्वारी घरी येते, एवढं मला पुरतं.

तो कागद घेऊन येतो आणि मी सही करतो. विहिरीचा असो, विजेच्या मोटारीचा असो, पीकविम्याचा असो. वाचायचा नसतो. आमच्या घरात थोरल्या भावानं आणलेला कागद वाचणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. वडिलांनी त्यांच्या भावाचे कागद असेच सही केले होते, माझी चुलत भावंडं एकमेकांचे करतात. कुठं करायची तेवढं विचारायचं. दादा बोट ठेवतो, मी नाव लिहितो.

परवाच्या ऑगस्टमधे असाच एक कागद आला. रविवारची पहाट होती. मी हेल्मेट घालून फाटकात उभा, बाकीचे कोपऱ्यावर वाट बघत घंट्या वाजवत होते. पहिल्या बसनं दादा उतरला आणि हातात कागद धरून चालत आला. चहा घे म्हणालो. तो म्हणाला, "चहाबिहा न्हाई, याच बसनं परत जायचंय. सही कर जल्दी."

कागद मी सीटवर ठेवला. एक पाय पेडलवर होता, तो खाली घेतला नाही. त्यानं बोट ठेवलं, मी सही केली. तहसीलचं काहीतरी होतं एवढं वरच्या ओळीवरून दिसलं. दादा बसकडं गेला आणि मी उलट्या दिशेनं. त्या दिवशी आम्ही अंकुशनगरच्या बाजूला गेलो होतो, ऊस बघत.

पावसाळ्यात आम्ही पांदणीकडं फिरकत नाही. काळी माती चाकाला धरते आणि मग सायकल तुमच्यावर बसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचं सूप बंद. सप्टेंबर संपत आला, चार दिवस चांगलं ऊन पडलं, तसा मी उतावीळ झालो. सगळ्यांना सांगितलं, रविवारी खिंड.

गाव ओलांडून आम्ही सात जण वळलो आणि मी पुढं होतो म्हणून सगळ्यात आधी ब्रेक मीच लावला. पांदण नव्हती. तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या होत्या आणि त्यांच्यामागं, जिथून गाडी जायची तिथं, सोयाबीन उभं होतं. बोरी नाहीत, निरगुडी नाही. आमचं इकडचं वावर आणि तिकडचं वावर एक झालं होतं. पीक चांगलं होतं. मला पहिल्यांदा तेच दिसलं, की पीक चांगलं आहे.

डॉक्टर म्हणाला, "रस्ता चुकला का तुझा?" मी स्वतःच्या शेतात उभा होतो.

तेवढ्यात बांधावरून शेजारच्या शेतातल्या वहिनी आल्या. आमच्या शेताच्या पलीकडं, खिंडीखाली त्यांचं तीन एकर. मालक अंकुशनगरला कारखान्यावर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. शेती सगळी वहिनींच्या जिवावर. चार वर्षांत मी त्या पांदणीतून गेलो की त्या कळशीतून माझी बाटली भरून द्यायच्या. मी दगडावर एक पाय टेकवून प्यायचो आणि निघायचो. "उतरा की जरा," म्हणायच्या. मी म्हणायचो, पुढच्या वेळी. "तुमचं बूड कधी टेकतं का हो कुठं?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा मी हसलो होतो आणि त्यांना मोबाईलवरची रेघ दाखवली होती. बघा, ही तुमची विहीर, हा मी.

त्या दिवशी कळशी नव्हती. मी म्हणालो, "वहिनी, हे कधी झालं?"

त्या म्हणाल्या, "मिरगातच नांगरलं दादानी. म्या तहसीलला अर्ज केल्ता. त्याला तुम्हीच तर लिहून दिलं, इथून कोणीच जात-येत न्हाई म्हणून."

"मी?"

"दोघा भावांच्या सह्या हायेत त्याच्यावर. मला वाचून दाखवलं तलाठ्यानी."

सहा जण मागं उभे होते. मला पेडलवरचा तो पाय आठवला, सीटवरचा कागद आठवला. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जे होतं ते झालं, तिथून निघून जावंसं वाटलं. पण निघायला पुढं रस्ता नव्हता.

वहिनींनी पुढचं सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नाही, कामाच्या सुरात. त्यांचं सोयाबीन पिवळं पडलं होतं. आठ-दहा दिवसांत काढायला हवं, नाहीतर शेंगा तडकून दाणे जमिनीवर. मळणीचं यंत्र पांदणीशिवाय आत येत नाही, खिंड सायकलीपुरतीच. दुसऱ्या बाजूला नाला, नाल्याला कमरेएवढं पाणी. गुरुवारी मंडळ अधिकारी जागेवर पाहणीला येणार होते. "तुमच्या मोबाईलात ती रेघ हाय ना," त्या म्हणाल्या. "तेवढी सायबाला दाखवा. मी तुम्हाला भावाच्या विरोधात बोला म्हणत न्हाई. नुसती रेघ दाखवा."

बाकीच्यांना मी आल्या रस्त्यानं परत पाठवलं आणि दादाकडं गेलो. तो अंगणात फवाऱ्याचा पंप उघडून बसला होता. मी बसलो नाही, सायकल धरूनच विचारलं. त्यानं काही लपवलं नाही.

"ती पांदण आपल्या वावरातून जाती. आपल्या आज्यानं सोय म्हणून दिल्ती, आता नवीन रोड झाला. दर खेपेला ट्रॅक्टर तिथं वळवावा लागतो, निम्मा दिवस वळण्यात जातो. कोण जाऊन राह्यलंय तिथून?"

"वहिनी जातात. मी जातो."

"तू?" त्यानं पंपातून मान वर काढली. "तू हवा खायला येतो. तुला जाणाऱ्यात कोण मोजतं?"

"मला न विचारता लिहिलंस तू."

"सही तूच केली ना. मी बोट ठिवलं फक्त." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आजवर कधी विचारलं न्हाईस कागदात काय हाय. आता एकदम काय झालं?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला खात होतं. मी चहा न घेता निघालो. तीन दिवस ऑफिसात मी काय काम केलं ते मला आठवत नाही. जिन्यानं वर जायचो, खाली यायचो. रेघ दाखवली नाही तर वहिनींचं सोयाबीन मातीत जाणार. दाखवली तर ज्यानं माझ्यासाठी पुस्तकं बांधून ठेवली त्याला मी गावासमोर खोटं पाडणार. मधली वाट शोधत होतो. मार्ग आखणाऱ्या माणसाला वाटतं, प्रत्येक ठिकाणी एक तिसरी वाट असतेच.

गुरुवारी रजा टाकली आणि एकटाच निघालो. बसनं गेलो असतो तर तासात पोचलो असतो, पण बसमधे बसवलं नसतं. राजूरचा चढ त्या दिवशी पायाला कळलाच नाही. टेंभुर्णीत चहावाल्यानं विचारलं, आज एकटेच का, तर मी काहीतरी पुटपुटलो आणि अर्धा चहा टाकून निघालो. गावाच्या फाट्यावर आलो आणि मी गावाकडं वळलोच नाही. डाव्या हाताला एका टेकडीवर कच्चा रस्ता जात होता, तो मी कधी बघितला नव्हता. म्हटलं, हा कुठं जातो ते बघावं. मी काय करत होतो ते मला माहीत होतं. उशीर करत होतो. उशीर झाला की साहेब निघून जातील, आणि मग मी दोघांनाही सांगू शकेन की मी आलो होतो.

तो रस्ता चढत चढत एका बंद पडलेल्या खाणीत संपला. कापलेला डोंगर, साचलेलं हिरवं पाणी, पुढं वाट नाही. मी तिथं उभा राहून स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि सायकल फिरवली. जिथून चढलो तिथूनच उतरलो. खाली येताना तेच दगड, तीच बाभळ, सगळं दुसऱ्यांदा बघत आलो.

साहेब गेले नव्हते. काट्यांपाशी दहा-पंधरा माणसं होती. मंडळ अधिकारी, टेप धरलेला तलाठी, दोन पंच, बाकी बघे. वहिनी डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला. दादा हात मागं बांधून दुसऱ्या बाजूला. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही टोचतं. त्याला बरं वाटलं होतं. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं आलो.

अधिकाऱ्यांनी आमचं लेखी म्हणणं मोठ्यानं वाचलं. सदर गटातून पूर्वीपासून कोणतीही वहिवाट नाही. खाली दोन सह्या. मला म्हणाले, "ही सही तुमचीच?"

"माझीच."

मी मोबाईल काढला आणि रेघा उघडून त्यांच्यापुढं धरला. चार वर्षांच्या फेऱ्या, एकावर एक, सगळ्या त्याच सोयाबीनमधून गेलेल्या. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं. मग फोन परत माझ्या हातात दिला.

"हे ठीक आहे. पण माझ्या पंचनाम्यात मोबाईल बोलत नाही. तुम्ही तोंडानं सांगा, मी लिहून घेतो."

मला वाटलं होतं रेघ बोलेल आणि मी बाजूला उभा राहीन. मी दादाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. सायकल तशीच धुऱ्याच्या बांधावर आडवी टाकली आणि म्हणालो, "रस्ता होता. लहानपणापासून होता. मी चार वर्षं इथूनच जातो, आणि दर वेळी वहिनींची गाडी नाहीतर चाकोरी मला दिसली आहे. कागदावर लिहिलंय ते खरं नाही. सही मी न वाचता केली."

कोणीतरी मागं हसलं. शिकलेला माणूस, न वाचता सही. हसू द्या म्हटलं.

साहेबांनी माझा जबाब लिहिला आणि सही करायला पुढं केला. पेन हातात घेतलं आणि मी थांबलो. मग पहिल्या शब्दापासून सगळा वाचला, उन्हात, सगळ्यांना ताटकळत ठेवून. तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला.

"वाच, वाच. बराबर वाच."

एवढं म्हणून तो गावाकडं चालत गेला. त्याची चाल मला मागून बघवली नाही.

हुकूम लवकर आला. काट्या निघाल्या, गाडीपुरती पट्टी मोकळी झाली. वहिनींचं मळणीयंत्र आत गेलं तेव्हा थोड्या शेंगा तडकल्या होत्या, बाकी पीक हाती आलं. पुढच्या रविवारी आम्ही त्या वाटेनं गेलो. दोन्ही बाजूला झाडं नव्हती, उघडं उघडं वाटत होतं. वहिनींनी कळशी आणली. मी सायकलवरून उतरलो, धुऱ्यावर बसलो आणि पाणी प्यायलो. आमच्या वावरात दादा होता, पाठ करून काही उपटत होता. मी हाक मारली. त्यानं ऐकली नाही, किंवा ऐकली.

दिवाळी झाली. डाळ आली नाही. बायकोनं दोनदा विचारलं. मी एकदा फोन लावला, भावजयीनं उचलला आणि ते रानात गेलेत म्हणाली. आवाजामागं त्याचा खोकला मला ऐकू येत होता.

मग एका रविवारी पहाटे तो फाटकात उभा होता. मी हेल्मेट घातलेलं, कोपऱ्यावर घंट्या वाजत होत्या. त्याच्या पायाशी डाळीचं पोतं, हातात कागद. मला इतका आनंद झाला की मी पेनासाठी हात पुढं केला आणि कागद सीटवर ठेवायला निघालो. त्यानं कागद सोडला नाही.

"आधी वाच," तो म्हणाला. "मंग सही कर."

आम्ही आत गेलो. तो सोफ्याच्या कडेला बसला, मी खुर्चीवर. वाटणीचा अर्ज होता. गट, हिस्से, चतुःसीमा, सगळं व्यवस्थित. पांदणीच्या दोन्ही अंगाची काळी जमीन, विहिरीसकट, माझ्या नावावर. टेकडीखालची मुरमाड बरड त्याच्या.

"दादा, हे उलटं झालंय."

"उलटं न्हाई. तिथून तू जातो ना. मंग रस्ता ठिवायचा का मोडायचा ते तूच बघ. मला आता तुझ्या सहीचं भ्या वाटून राह्यलं."

बाहेर घंट्या वाजत होत्या, मग थांबल्या. मोबाईल खणखणला, तो मी पालथा घातला. बायकोनं चहा आणला, दादानं तो घेतला आणि बशीत ओतून सावकाश प्यायला. कागद एकाच पानाचा होता. मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो. खाली दोन जागा होत्या, एकीत त्याचं नाव होतं, दुसरी रिकामी. दादानं पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढं ठेवलं. बोट मात्र ठेवलं नाही.

सही केली की तो उठून बसकडं जाणार होता, हे मला समोर दिसत होतं. म्हणून मी खुर्ची जरा पुढं ओढली आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागलो.